साधी पेटी

इंजिनाचा शेवटचा बोल्ट राहिला तेव्हा गहिनीनाथनं पाना वहिनीच्या हातात दिला. म्हणाला, "वैनी, हा तू काढ. गाडी तुझी हाय."

रतनबाईनं बाह्या वर सारल्या. दुधाच्या फेरीला निघताना ती साडीवर हरिबाचा, म्हणजे नवऱ्याचा, जुना शर्ट घालायची. आजही तोच शर्ट अंगात होता. बोल्ट गंजला होता. तिनं पान्यावर अंगाचा भार टाकला, तसा तो कुरकुरत सुटला आणि इंजिन खालच्या पोत्यावर टेकलं. अंगणात जमलेली माणसं हसली. बाजेवर बसलेला हरिबाही हसला.

गाव धर्मापुरीच्या अलीकडचं. काही वर्षांपूर्वी विहिरीची दरड कोसळून हरिबाचा पाय चेंगरला, तो वाकडाच सांधला. गाडीची किक मारणं त्याला जमेना. दूध संस्थेची फेरी हातची जाईल म्हणून रतनबाई कोरड्या तलावात गाडी शिकली. पहिले काही दिवस बायका दारात उभ्या राहून बघायच्या, पुरुष पारावरून बघायचे. मग सगळ्यांना सवय झाली. चार वाड्यांचं दूध गोळा करून ती संस्थेच्या केंद्रावर आणायची. वाड्यांवरच्या म्हाताऱ्या तिला हरिबाची बायको म्हणून ओळखत नसत. हरिबाला मात्र रतनबाईचा मालक म्हणून ओळखत.

गहिनीनाथ हरिबाचा धाकटा भाऊ. रतनबाई लग्न होऊन आली तेव्हा तो दुसरीत होता आणि सासू वारलेली होती. त्याला न्हाऊ घालणं, परळीच्या शाळेसाठी भाकरी बांधून देणं, तापात उशाशी बसणं हे सगळं तिनंच केलं. म्हणून रीत सोडून ती दिराला नावानं हाक मारायची, अरेतुरे करायची. आता तो बीडकडच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होता आणि जुन्या पेट्रोलच्या मोटारसायकली विजेवर चालवण्याचं संशोधन करत होता.

"नवी बॅटरीची गाडी आपल्या माणसाला झेपत न्हाई," तो अंगणातल्यांना सांगत होता. "पण जुनी गाडी घरोघरी हाय. इंजिन काढायचं, तिथं मोटर बसवायची, टाकीखाली बॅटरीची पेटी. परश्न एकच, आपल्या उन्हात बॅटरी टिकती का. त्यासाठी एकाच रस्त्यानं, एकच वजन घेऊन फिरणाऱ्या दोन गाड्या पायजेत."

दूध संस्थेचे चेअरमन वीरभद्रअप्पा यांचं पेंडीचं दुकान होतं. त्यांनी लगेच होकार दिला. साल दुष्काळाचं होतं. टँकर दिवसाआड यायचा, निम्मी जनावरं चारा छावणीत होती, आणि अप्पा म्हणायचे की वासरापेक्षा पेट्रोलच जास्त दूध पितंय. केंद्रावर चार्जिंगला जागा मिळाली. एक गाडी रतनबाईची ठरली, दुसरी बंकटची. बंकट छावणीचं आणि त्याच रस्त्यावरच्या इतर वाड्यांचं दूध आणायचा.

दोन्ही गाड्यांना सारख्याच करड्या पेट्या बसल्या. झाकणाला सील होतं. पेटी उघडायची नाही, आत हात घालायचा नाही, एवढी एकच अट गहिनीनाथनं घातली.

माघ-फाल्गुन मजेत गेला. गाडीला आवाजच नव्हता. शेवटच्या वाडीतली बायनाबाई तक्रार करू लागली, "फटफट ऐकू आली की मी किटली घेऊन भायेर यायची. आता तू आलीस ते कळायचं कसं गं?" मग रतनबाईनं छावणीत गेलेल्या बैलाचं घुंगरू हँडलला बांधलं. सकाळच्या गारव्यात घुंगरू वाजवत चढ चढताना तिला गाडी आपल्या अंगाचाच भाग वाटायची. फोनवर ती गहिनीनाथला सांगायची, "तुजी गाडी लई गुणाची हाय."

गाडी पहिल्यांदा थांबली ती चैत्र संपताना, पाझर तलावाच्या चढावर. दोन्ही बाजूंच्या कॅनमध्ये दूध भरलेलं आणि गाडी एकदम निर्जीव झाली. पेटीला हात लावला तर चटका बसला. आसपास सावली नव्हती. तिनं गाडी ढकलत एका बाभळीपर्यंत नेली. पेटी निवल्यावर गाडी आपोआप चालू झाली, पण केंद्रावर पोचेपर्यंत दूध नासलं होतं.

तिनं गहिनीनाथला फोन लावला. त्यानं बारीक बारीक चौकशी केली. चढ होता की सपाटी? वारा होता का? बंद पडायच्या आधी ओढ कमी झाली का? ती सगळं आठवून सांगत राहिली.

"बंद पडली की मला लगीच फोन करत जा, वैनी. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नको."

याला आपली केवढी काळजी, असं वाटून तिला भरून आलं.

पुढं गाडी एक-दोन दिवसाआड थांबू लागली. बंकटची मात्र त्याच रस्त्यावर, त्याच उन्हात, बिनतक्रार चालायची. केंद्रावर कॅन उतरवताना तिला मागून बोलणं ऐकू यायचं. "मोटर एक, बॅटरी एक, मग हिचीच कावून थांबती?" "बाईमानूस. मूठ पिळत आसंल नुसती."

जेवताना हरिबा म्हणाला, "जरा दमानं चालवत जा की."

"दमानंच चालवते."

"तसं न्हवं. पर आनखी जरा."

ती आणखी सावकाश जाऊ लागली. पहाटे लवकर निघू लागली, पण वाड्यांवरच्या धारा तिच्यासाठी लवकर थोड्याच निघणार होत्या. परतताना ऊन व्हायचंच. मग तिनं पेटीवर ओलं पोतं टाकून पाहिलं. दोन दिवस गाडी थांबली नाही. तिनं आनंदानं गहिनीनाथला कळवलं, तर तो फोनवर चिडलाच. "काढ आधी ते पोतं. पानी आत गेलं तर पेट घेईल गाडी." ती घाबरली. तिनं पोतं काढलं. तिसऱ्या दिवशी गाडी पुन्हा चढावर थांबली.

बंकटला तिची कीव आली. तो सरळ माणूस होता. म्हणाला, "रतनाक्का, दोन दिवस माजी गाडी तुमी चालवा, तुमची मी चालवतो. गाडीत खोट हाय का हातात, सोक्षमोक्ष होईल."

तिला ते पटलं. तिनं गहिनीनाथला विचारलं. दूध नासलं तेव्हा एकदाही न आलेला गहिनीनाथ दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं हजर झाला. "गाड्या बदलायच्या न्हाईत," तो म्हणाला. "सगळं काम पान्यात जाईल." बंकटनं खांदे उडवले आणि निघून गेला.

त्याच दिवशी वीरभद्रअप्पांनी रतनबाईला कार्यालयात बोलावलं. गहिनीनाथ सोबत होताच. चहा आला.

"रतनबाई, वाड्यांवरून तक्रारी आल्यात," अप्पा म्हणाले. "एक तर दूध आधीच कमी, त्यात असं नासायला लागलं तर बायका दुसऱ्या डेअरीला घालतील. गहिनीनाथ, तू शिकलेला मानूस. खरं सांग, गाडीत काही फरक हाय का?"

रतनबाईनं दिराकडं पाहिलं. गहिनीनाथनं कपातला चहा हलवला.

"दोनी गाड्यांना मोटर एकच बसवलीय, अप्पा."

"म्हंजे फरक चालवनाऱ्याचा."

गहिनीनाथनं चहा पिऊन कप खाली ठेवला. रतनबाईची फेरी त्या दिवसापासून बंकटकडं गेली.

घराकडं चालताना तो तिच्या बरोबरीनं आला. "वैनी, तू मनाला लावून घेऊ नको. पर गाडी सोडू नको. कॅनमधी पानी भर आन् रोज तीच फेरी, त्याच वेळंला मार. न्हाईतर माजं काम अर्धवट राहील."

रतनबाईला हसावं की रडावं कळेना. "दूध न्हाई आन् पानी घिऊन फिरू? लोक काय म्हनतील?"

"माज्यासाठी कर. पावसाळ्यापर्यंत."

तिनं केलं. वैशाखाच्या उन्हात टँकरचं पाणी कॅनमध्ये भरून ती त्याच वाड्यांना जाऊन येऊ लागली. बायका दारातून बघायच्या, पहिल्यांदा बघितलं होतं तसंच. बायनाबाई एकदा म्हणाली, "पोरी, तुला काय झालंय का?" गाडी चढावर थांबली की रतनबाई बाभळीखाली बसून राहायची. बंकट दूध घेऊन शेजारून जायचा, थांबून विचारायचा, ती हातानंच जा म्हणायची. आपल्या हातात खरंच काही खोट असेल, असं तिला वाटायला लागलं होतं. मूठ पिळताना ती आता स्वतःच्या मनगटाकडं बघायची.

श्रावणही कोरडा गेला, तिची पाण्याची फेरी चालूच होती. संस्थेची वार्षिक सभा गोदामात भरली. पेंडीच्या पोत्यांना टेकून माणसं बसली. भिंतीवर पांढरी चादर लावून गहिनीनाथनं चित्रं दाखवायची व्यवस्था केली होती. कॉलेजचे दोन साहेब पुढच्या खुर्च्यांवर होते. रतनबाई बायकांत बसली होती. दिराला असं उभं राहून बोलताना बघून इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं. त्याच्या अंगातल्या शर्टाची इस्त्री किती चांगली आहे, हेही तिनं पाहिलं.

तो पुस्तकी भाषेत बोलत होता. "ही हिरवी रेषा म्हणजे आम्ही तयार केलेली पेटी. हिच्यात बॅटरीभोवती विशेष मेण भरलेलं आहे. उन्हानं पेटी तापली की मेण उष्णता शोषून घेतं आणि वितळतं, आतली बॅटरी सुरक्षित राहते. ही लाल रेषा साध्या पेटीची आहे. हिच्यात मेण नाही. तुलनेसाठी अशी एक पेटी ठेवावीच लागते."

चादरीवर हिरवी रेषा सरळ जात होती. लाल रेषा जागोजाग खाली कोसळली होती.

"एप्रिलपासून पाहा. भर उन्हात, चढावर, साधी पेटी वारंवार बंद पडली. आमची जशी अपेक्षा होती अगदी तसंच झालं."

रतनबाई त्या कोसळलेल्या जागांकडं बघत राहिली. एक खड्डा, मग दुसरा, मग थोडी सरळ, मग पुन्हा खड्डा. ती सरळ रेघ म्हणजे ओल्या पोत्याचे दोन दिवस असतील का, असं तिच्या मनात आलं. ती उभी राहिली.

"गहिनी, ती लाल रेघ कुनाची गाडी?"

गोदामात चुळबुळ झाली. गहिनीनाथनं एकदा साहेबांकडं पाहिलं. "प्रयोगात आपण नावं घेत नाही. गाडी क्रमांक दोन."

"दोन कुनाची?"

मागून बंकट उठला. "माज्या पेटीवर एक लिवलेलं हाय," तो म्हणाला.

सगळ्यांच्या माना रतनबाईकडं वळल्या. वीरभद्रअप्पांनी हात वर केला. "बसा, रतनबाई. शास्त्रात असं करावंच लागतंय. आपल्या गावाचं नाव होतंय, ते बघा." साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग माणसांनीही वाजवल्या. रतनबाई बसली नाही. बायकांच्या मधून वाट काढत बाहेर पडली.

गहिनीनाथ घरी आला तेव्हा ती चुलीपुढं होती. तो उंबऱ्यावर टेकला. हरिबा बाजेवर होता.

"वैनी, मी सांगनार व्हतो. सभेच्या आधीच सांगनार व्हतो, पर साहेब आले."

"आधी कावून न्हाई सांगितलं? गाडी बसवताना?"

"सांगितलं आसतं तर तू पेटीला जपली आसतीस. सावलीत थांबली आसतीस. निकाल खोटा आला आसता."

"मग साधी पेटी बंकटला कावून न्हाई दिली?"

"बंकटनं दुसऱ्याच दिवशी सील तोडून आत बघितलं आसतं. न्हाईतर गाडी परत आनून टाकली आसती." गहिनीनाथ मान खाली घालून बोलत होता. "मी म्हनलं की तू उन्हात चालवशील, मी म्हनलं तर पोतं काढशील, हे मला ठाव व्हतं. तुज्याएवढा भरवसा दुसऱ्या कुनावर न्हवता."

रतनबाईनं भाकरी तव्यावर टाकली. ती उलटायचं मात्र तिच्या लक्षात राहिलं नाही.

"अप्पाच्या हापिसात तुमी चहा पीत व्हता," ती म्हणाली. "तितं एक शबुद बोलला आसता, भावजी."

तिनं आयुष्यात पहिल्यांदा त्याला भावजी म्हटलं होतं. त्यानं वर पाहिलं. त्याचे डोळे भरले होते.

"काम तवा अर्ध्यावर व्हतं. कळलं आसतं तर सगळं गेलं आसतं. मला वाटलं, चार महिन्यांचा तर परश्न हाय, नंतर सगळं नीट करू. आन् दादाबी म्हनला की..."

तो थांबला. भाकरी करपल्याचा वास आला. रतनबाई हळूच नवऱ्याकडं वळली.

"तुमाला ठाव व्हतं?"

हरिबानं वाकडा पाय हातानं उचलून बाजेवर नीट ठेवला. "पेटी साधी हाय, एवढंच म्हनलं व्हतं त्यानं. बसवायच्या दिवशी. तुला सांगू नको म्हनला."

"मला दमानं चालव म्हनत व्हता तुमी."

"मग काय म्हनू? त्याच्या नोकरीचा सवाल व्हता. आपलंच पोरगं हाय."

"मी पान्याचे कॅन घिऊन फिरत व्हते. सगळा गाव हासत व्हता. तुमी इतं बसून बघत व्हता."

तिला वाटलं, हा आता काही तरी म्हणेल, निदान चुकलं म्हणेल. तो बाजेची सुतळी ओढत राहिला. दिरावरचा राग तिला समजत होता, तो कुठं ठेवायचा हेही समजत होतं. हे दुसरं काय होतं, ते तिला समजेना. इतकी वर्षं याच्याच शर्टात ती उन्हात गेली होती. सकाळच्या फेरीपासून अंगातच असलेला शर्ट तिनं काढला, घडी घालून बाजेवर ठेवला आणि करपलेली भाकरी कोंबड्यांना टाकायला बाहेर गेली.

गहिनीनाथ निघताना तिच्या पाया पडायला वाकला. ती मागं सरली.

"एक करा, भावजी. अप्पापुढं जाऊन म्हना, बाईच्या हातात खोट न्हवती. सभेत म्हनला न्हाईत, आता म्हना."

"म्हनतो, वैनी. एवढा अहवाल जाऊ दे. साहेबांना इचारून म्हनतो."

अहवाल गेला. कॉलेजात त्याचा सत्कार झाल्याचं, पेपरात फोटो आल्याचं बंकटनं सांगितलं. गहिनीनाथ अप्पांकडं काही गेला नाही.

शेवटी ती स्वतःच गेली. सोबत बंकटला घेतलं. ओसरीवरून अप्पा म्हणाले, "सगळ्यांना कळलंच की, रतनबाई. आनखी काय पायजे?"

"माजी फेरी पायजे."

"फेरी दिवाळीपर्यंत बंकटच्या नावानं हाय. ठराव झालाय. मधीच कसं बदलू?"

"माजं मी सोडतो की," बंकट म्हणाला. "अप्पा, सभेतलं मी ऐकलंय. दूध नासलं ते ह्यांच्या हातानं न्हाई. हे तुमी केंद्रावर सगळ्यांसमोर बोला, न्हाईतर मी बोलतो. ह्यांच्या चारी वाड्या ह्यांना द्या. मला माजी छावनी पुरं."

अप्पांनी बराच वेळ पेंडीच्या पोत्यावरची धूळ झटकली. चार वाड्या काही दिल्या नाहीत, लांबच्या दोन दिल्या. केंद्रावर काही बोललेही नाहीत. ते बंकट बोलला, दुसऱ्या दिवशी, कॅन उतरवताना, मोठ्यानं. ज्यांनी मूठ पिळण्यावरून हसं केलं होतं, ते दूध मोजण्यात गुंतले.

कॉलेजकडून एक माणूस नवी पेटी घेऊन आला. मेणाची आहे, सरांनी पाठवली, म्हणाला. जुनी काढून तो नवी बसवायला लागला, तसं रतनबाईनं त्याला थांबवलं.

"झाकन उघडून दावा."

"मावशी, सील आहे. उघडायचं नसतं."

"मग घिऊन जा परत."

त्यानं तिच्याकडं पाहिलं, स्क्रू ड्रायव्हर काढला आणि सील तोडलं. आत बॅटरीच्या नळ्यांच्या मधे पिवळट मेण थिजलं होतं. तिनं बोटानं दाबून पाहिलं, चारी कोपऱ्यांत दाबून पाहिलं. मग म्हणाली, "बसवा."

गाडी आता चढावर थांबत नाही. बायनाबाईची वाडी तिला परत मिळाली. फेरीला ती हरिबाचा शर्ट घालत नाही, बाजारातून स्वतःसाठी एक आणला आहे. घरात स्वयंपाक होतो, ताट वाढलं जातं, छावणीतल्या म्हशीचं बोलणं होतं. पूर्वी निघताना ती कुठून कुठं जाणार, कधी परतणार ते हरिबाला सांगायची. आता सांगत नाही, आणि तोही विचारत नाही.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सकाळी ती कॅन बांधत होती. हरिबा दारात आला.

"गहिनीचा फोन आलता," तो म्हणाला. "दिवाळीला येऊ का, असं वैनीला इचार म्हनला."

रतनबाईनं दोरीची गाठ आवळली, ओढून पाहिली.

"तुमचा भाऊ हाय," ती म्हणाली. "तुमीच सांगा."

तिनं किल्ली फिरवली आणि गाडी रस्त्याला लावली.